‘पॉड’ला फुलफॉर्म नाही हो, काका!

या खेपेला आलेल्या पत्रांत दोन शब्दांची मोडतोड करून केलेल्या इंग्रजी शब्दांबद्दलची पत्रं बरीच निघाली. त्यातली निवडक घेते. बार्शीच्या काकांचं पत्र आधी, कारण त्यांच्या घरात या शब्दावरून वाद पेटलेला दिसतोय.

प्रश्न : माझा नातू पुण्यात नोकरी सांभाळून पॉडकास्ट करतो. शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतो, बरा बोलतो. मी त्याला विचारलं, बाबा रे, पॉडकास्ट म्हणजे नक्की काय? तो म्हणाला, पॉड म्हणजे ‘पोर्टेबल ऑन डिमांड’. माझे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत, ते म्हणतात ‘पर्सनल ऑन डिमांड’. दोघंही मोबाईल काढून दाखवतात. खरं कुणाचं? आणि मराठीत याला काय म्हणायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : काका, दोघांचंही चूक. ‘पॉड’ हा कशाचाही फुलफॉर्म नाही.

आपल्याकडे फुलफॉर्मचा सोस फार. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, हे तुम्हा-आम्हाला शाळेत कुणी ना कुणी सांगितलेलं असतंच. वास्तविक ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचंच ते अनेकवचन. चार दिशा मागाहून कुणीतरी बसवल्या. ‘पोलीस’च्या प्रत्येक अक्षराला एकेक सद्गुण चिकटवलेला मेसेज तर ठरावीक दिवसांनी फिरून येतोच. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, तेव्हा अकरावीची मुलं असले फुलफॉर्म वहीच्या शेवटच्या पानावर हौसेने उतरवून घ्यायची. खोडा म्हटलं की तोंडं पाडायची. असल्या दाव्यांची परीक्षा सोपी आहे: आधी काय छापून आलं, शब्द की फुलफॉर्म? ‘पोर्टेबल ऑन डिमांड’ हे शब्द रुळल्यानंतर शोधून काढलेलं आहे. आणि पॉडकास्टच्या बाबतीत वाद घालायला जागाच नाही, कारण या शब्दाचा जन्मदाखला उपलब्ध आहे.

फेब्रुवारी २००४. लंडनच्या ‘द गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराचा लेख आला. खिशात मावणारे एमपीथ्री प्लेयर लोकांकडे आहेत, आवाज मुद्रित करायची सॉफ्टवेअर स्वस्तात किंवा फुकटात मिळतात, ब्लॉग लिहिणं अंगवळणी पडलंय. तेव्हा आता हौशी लोकांच्या रेडिओला बरकत येणार, असा त्याचा सूर. मग त्यांनी विचारलं, की याला म्हणायचं काय? आणि लगोलग तीन नावं पुढे केली: ऑडिओब्लॉगिंग, पॉडकास्टिंग, गेरिलामीडिया. या नावांची हकीकत हॅमर्सली नंतर मुलाखतींत सांगत आले आहेत. अंक छपाईला जायच्या तोंडावर संपादकांकडून निरोप आला, की मजकूर एका वाक्याने कमी पडतोय, वाढवून द्या. तेवढी जागा भरायला त्यांनी ही नावं जुळवली. (आमच्या संपादकांनी माझ्याकडे वाढीव वाक्य आजवर मागितलेलं नाही. त्यांचा फोन येतो तो कापायला.)

तर असा हा जागा भरायला घातलेला शब्द. काही महिने तो तसाच पडून राहिला. २००४ च्या उन्हाळ्यानंतर त्याला माणसं मिळाली. नवी ध्वनिफाईल आली की ती आपोआप उतरवून प्लेयरमध्ये ढकलायची, अशी सोय करण्याच्या मागे काही मंडळी लागली होती. एमटीव्हीवर पूर्वी निवेदक असलेले ॲडम करी त्यांत पुढे होते. या मंडळींच्या आपसातल्या चर्चेत सप्टेंबरात ‘पॉडकास्ट’ हा शब्द आला आणि सगळ्यांनी उचलला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टसाठी जागा केली. त्याच वर्षाच्या अखेरीला न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. जन्मून दोन वर्षं व्हायच्या आत शब्द कोशात! आमच्या वेळी शब्दांना कोशात शिरायला पिढ्या लागायच्या.

आता शब्द सोलून बघू. ॲपलचा खिशातला प्लेयर ‘आयपॉड’, त्यातला पॉड आणि ‘ब्रॉडकास्ट’मधला कास्ट. फुलफॉर्मवाल्यांची गाडी इथेच घसरते, कारण पॉड सरळसरळ आयपॉडचा आहे आणि आयपॉड बाजारात आला २००१ च्या नोव्हेंबरात. मग आयपॉड तरी कुठून आला? जाहिरातीचा मजकूर लिहिणारे विनी चिएको यांना ॲपलने नाव सुचवायला बोलावलं होतं. पांढरं शुभ्र, गुळगुळीत यंत्र बघून त्यांना स्टॅन्ली कुब्रिकचा १९६८ चा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट आठवला. त्यात मोठ्या यानातून सुटून बाहेर जाणारी आणि पुन्हा त्याच्या पोटात शिरणारी छोटी यानं आहेत; त्यांना पॉड म्हणतात. ॲपलच्या डोक्यात संगणक म्हणजे मोठं यान, आणि गाणी भरून घेऊन बाहेर पडणारा, चार्जिंगला परत येणारा प्लेयर म्हणजे पॉड. आधीचा ‘आय’ ॲपलच्या आयमॅक या संगणकापासून होताच.

छोट्या यानाला पॉड का म्हणायचं? त्याच्या आधी विमानाच्या पंखाखाली इंजिन किंवा इंधन ठेवायला जी लांबट टपरं अडकवायचे, त्यांना पॉड म्हणत. ती दिसायची शेंगेसारखी. आणि इंग्रजीत पॉडचा मूळ अर्थ तोच: शेंग. मटारची, तुरीची, कसलीही, आत दाणे असलेली. तुमच्या बार्शीच्या बाजारात तुरीची पोती उतरतात, त्या तुरीचं टरफल म्हणजे पॉड.

‘ब्रॉडकास्ट’ची कथा मला याहून आवडते. ब्रॉड म्हणजे रुंद, दूरवर. कास्ट म्हणजे फेकणं. अठराव्या शतकातल्या इंग्रज शेतकऱ्याला हा शब्द विचारला असता, तर त्याने सांगितलं असतं: बी फोकणे. तुमच्याकडे तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची, बी नळ्यांतून उतरतं आणि तासात ओळीने पडतं. त्याला ते इंग्रज शेतकरी ड्रिल म्हणायचे. त्याच्या उलट, हातात बी घेऊन चालत चालत उधळायचं, ते ब्रॉडकास्ट. आपण मेथी-कोथिंबीर वाफ्यात फोकतो, लसूणघास फोकतो, अगदी तसं.

माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. भाताचा तरवा पेरायचा तो फोकूनच. वडील टोपली डाव्या काखेत धरायचे, उजव्या हाताची मूठ भरायचे आणि पाऊल पुढे पडेल तसा हात उजवीकडून डावीकडे अर्धगोल फिरवत बोटं सैल सोडायचे. सगळं कसब बोटांत. मूठ एकदम उघडली तर बी एका जागी ढीग होऊन पडतं आणि तिथला तरवा दाट, पिवळा, अशक्त येतो; मग लावणीच्या वेळी बायका नावं ठेवतात. वारा असला की वडील थांबायचे, नाहीतर बी शेजारच्या मेरेपलीकडे. आम्हा पोरांचं काम चिमण्या हाकण्याचं. ते फेकणं कुणा एका दाण्यासाठी, कुणा एका ठिकाणासाठी नसतं. पडेल तिथे पडो, रुजेल ते रुजो.

रेडिओवाल्यांना नेमकी हीच गोष्ट सांगायची होती. सुरुवातीची बिनतारी यंत्रणा म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठराविक ठिकाणी संदेश, जहाजावरून बंदराला वगैरे. मधल्यामध्ये तिसऱ्याच कुणाला ऐकू गेलं, तर तो त्या यंत्रणेचा दोष. १९२० च्या आसपास लोकांच्या लक्षात आलं की हा दोष हेच खरं भांडवल आहे: बोलायचं एकाने, ऐकायचं ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने. त्याला शब्द हवा होता, तो शेतात तयार सापडला. १९२२ मध्ये लंडनला ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली, तीच पुढची बीबीसी. जुलै १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, आणि फोकणारा हा शब्द आपल्याकडेही आला. आपण त्याचं ‘प्रक्षेपण’ केलं. ‘क्षेपण’ म्हणजे फेकणंच. मुठीतलं फेकणं आपल्या पंडितांनी संस्कृतात नेलं, पण फेकायचं काही सोडलं नाही.

म्हणजे हिशेब असा, काका: पॉड ही शेंग आणि कास्ट ही पेरणी. एक वाट विमान-अंतराळयानावरून फिरून आली, दुसरी रेडिओवरून, आणि लंडनच्या एका वर्तमानपत्रात एक वाक्य कमी पडलं म्हणून दोन्ही एकमेकांना भेटल्या. हॅमर्सलींच्या मनात यातलं काहीही असण्याचं कारण नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खिशातलं यंत्र होतं. तुमचा नातू शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतो म्हणालात, त्याला हे सांगा. पोर्टेबल ऑन डिमांडपेक्षा त्याच्या श्रोत्यांना हे जास्त कळेल.

आता माझी या शब्दाबद्दलची तक्रार. पॉडकास्टमध्ये कुणी काही फेकतच नाही. तुमचा नातू भाग तयार करून ठेवतो. ज्याला हवा त्याचं यंत्र मधूनमधून तिथे जाऊन नवीन काही आलंय का बघतं आणि असेल तर घेऊन येतं. हे ब्रॉडकास्ट कसलं? आणि पॉड म्हणावं तर आयपॉडही आता नाही; मे २०२२ मध्ये ॲपलने त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. आयपॉड असतानाही लोकांचा घोटाळा व्हायचाच, ऐकायला आयपॉड विकत घ्यावा लागतो की काय असा. म्हणून लिओ लपोर्ट या अमेरिकन निवेदकाने ‘नेटकास्ट’ म्हणा, असा आग्रह धरून पाहिला. नेटकास्ट अर्थाने बिनचूक होता. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘श्राव्यमालिका’ वगैरे सूचना माझ्याकडे येत असतात, चुकीच्या नसतात, पण चहाच्या टपरीवर कुणी ‘काल एक श्राव्यमालिका ऐकली’ म्हणणार नाही. पॉडकास्टला मराठीने ठेवून घेतलंय आणि पुल्लिंगी करून टाकलंय: पॉडकास्ट ऐकला, पॉडकास्टवाला आला, पॉडकास्टात काय म्हणाला. लिंग ठरलं, विभक्ती लागली, की शब्द घरचा झाला. तुम्ही खुशाल पॉडकास्ट म्हणा.

प्रश्न : पॉडकास्टमधला कास्ट आणि कास्ट सर्टिफिकेटमधला कास्ट एकच का? उच्चार तर एकच आहे.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अजिबात नाही. फेकण्याचा कास्ट इंग्लंडमध्ये आला तो उत्तरेकडून, नॉर्स बोलणाऱ्या दर्यावर्दी लोकांबरोबर. त्याचाच गोतावळा मोठा: साच्यात ओततात ते कास्ट आयर्न, नाटकात भूमिका वाटतात ते कास्टिंग, मोडलेल्या हाताचं प्लास्टर तेही कास्ट.

जातीचा कास्ट पोर्तुगीज. ‘कास्ता’ म्हणजे कूळ, वंश. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, इथली जातव्यवस्था बघून त्यांनी आपला शब्द तिला लावला आणि तो इंग्रजांनी घेतला. ज्या भाषेने आपल्याला चावी, बादली, पगार आणि पाव दिला, तिनेच इंग्रजीला हाही दिला. बरीच वर्षं इंग्रज दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगने लिहायचे. शेवटी ‘ई’ लावून वेगळं करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. दाखल्याचा अर्ज इंग्रजीत भरताना तो ‘ई’ तेवढा विसरू नकोस.

प्रश्न : सूनबाई दर महिन्याला एका रविवारी ‘ब्रंच’ला बोलावतात. वेळ साडेअकराची. घरून खाऊन जावं, तर तिथे जेवण जात नाही. उपाशी जावं, तर माझी गोळी चुकते. हा शब्द कुणी काढला?
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, ज्याने काढला त्याचं नाव आहे गाय बेरिंजर. १८९५ मध्ये ‘हंटर्स वीकली’ नावाच्या इंग्लंडमधल्या साप्ताहिकात त्याने रविवारच्या जड जेवणाऐवजी उशिराची न्याहारी आणि जेवण एकत्र करा, म्हणजे सकाळी लवकर उठायची कटकट मिटेल, अशी मागणी करणारा लेख लिहिला. उठायचा कंटाळा हे मूळ कारण, म्हणजे सूनबाई परंपरेला धरून आहेत.

पण तुमच्या गोळीचा प्रश्नही इंग्रजांना सुचला होता. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने पुढच्याच वर्षी लिहिलं, की ऑक्सफर्डच्या मुलांनी यात भेद केलेला आहे: न्याहारीच्या वेळेजवळ खाल्लं तर ब्रंच, आणि दुपारच्या जेवणाजवळ खाल्लं तर ब्लंच. साडेअकरा म्हणजे ब्लंचच. ब्लंच पुढे टिकला नाही, पण तुम्ही सूनबाईंना सांगून बघा. तोवर दोन बिस्किटं आणि गोळी घरी घ्या, आणि मग निघा.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात वर्तमानपत्रं ‘धुरके’ लिहितात. हा स्मॉगचा अनुवाद की मराठीतही असे शब्द मोडून जोडायची रीत आहे? असल्या शब्दांना काही नाव आहे का?
– एक शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : सर, नाव आधी. इंग्रजीत यांना ‘पोर्टमँटो’ शब्द म्हणतात. पोर्टमँटो म्हणजे मधून उघडणारी, दोन कप्प्यांची प्रवासी बॅग. लुईस कॅरलच्या १८७१ च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये हम्प्टी डम्प्टी अ‍ॅलिसला एका कवितेतल्या अगम्य शब्दांचा अर्थ सांगताना म्हणतो, की एका शब्दात दोन अर्थ या बॅगेसारखे भरलेले आहेत. तिथून नाव पडलं. ब्रंचला ‘पंच’ने पोर्टमँटो म्हटलं ते याच आधारावर.

आपली रीत समासाची. मीठभाकर, चहापाणी, देवघर: दोन्ही शब्द धडधाकट राहतात, फक्त शेजारी येऊन बसतात. शब्दाचा हातपाय तोडून दुसऱ्याच्या धडाला जोडणं मराठी कानाला रुचत नाही. म्हणूनच धुरके मला विशेष वाटतो. धूर आणि धुके दोन्हींची सुरुवात ‘धु’नेच होत असल्यामुळे जोड कुठे दिलाय ते दिसतच नाही. स्मोक आणि फॉगमधून स्मॉग करताना इंग्रजांना एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं उडवावं लागलं. धुरके पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही समजतो. स्मॉग समजावून सांगावा लागला होता.

तो सांगितला हेन्री डे व्हू या डॉक्टरांनी. लंडनमध्ये कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे ते पदाधिकारी. १९०५ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका परिषदेत ते म्हणाले, की शहरात दिसतं ते नुसतं धुकं नव्हे, धुकं अधिक धूर, आणि ते गावाकडे सापडत नाही. शब्दामागे मागणी होती: धुकं निसर्गाचं, त्याला इलाज नाही, धूर चुलींचा आणि भट्ट्यांचा, त्याला आहे. ती मागणी पुरी व्हायला डिसेंबर १९५२ उजाडावा लागला. लंडनवर पाच दिवस धुरके बसलं, हजारो माणसं गेली, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

तुम्ही चंद्रपूरचे, तेव्हा एक गंमत सांगते. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हवेने लोकांचे डोळे चुरचुरू लागले. वर्तमानपत्रांनी स्मॉग लिहिलं. तिथे कोळशाचा धूर नव्हता, आणि भर उन्हात धुकं कुठलं? एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिलं, की वाहनांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडून ओझोन तयार होतो, तो हा त्रास. म्हणजे शब्दातला फॉगही खोटा आणि स्मोकही. शब्द मात्र तोच राहिला. तेव्हा तुमच्याकडे पहाटे धुकं असताना धुरके म्हणणं शुद्ध आहे. दुपारी बाराला, ऊन तापलेलं असताना जी करडी हवा दिसते, तिला पेपरवाल्यांनी धुरके म्हटलं तर वर्गात त्यांचे मार्क कापू नका. लॉस एंजेलिसचा दाखला त्यांच्या बाजूने आहे.